ताईच्या नावावर

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. नंबर बघायचा, काच घासायची, कडा उतरवायच्या आणि फ्रेममध्ये बसवायची. गिऱ्हाइकांची तोंडं तिला कधी दिसत नसत. कानाला यंत्राची घरघर आणि बोटांना ओली भुकटी, एवढंच दिवसभर. म्हणून तिने हौसेने शनिवार दुपारचा कथालेखनाचा वर्ग लावला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर.

"मेलो आता," नवरा म्हणाला. "पहिल्याच गोष्टीत मला खलनायक करशील."

वर्ग घेणारे सर गप्पिष्ट होते. "इकडचं तिकडचं लिहू नका," ते म्हणाले. "तुमच्या अंगावरून गेलंय तेच लिहा. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घाला, म्हणजे हात आखडत नाही."

तिच्याजवळ लिहिण्यासारखं एकच होतं. लहानपणी ती माळ्यावर चढली, शिडी सरकली आणि भुवई फुटली. बाबा तिला उचलून दवाखान्यापर्यंत पळत सुटले. वाटेत पायातली चप्पल गळून पडली, त्याचंही त्यांना भान नव्हतं. बाबा बोलायचे कमी आणि जवळ घ्यायचे त्याहून कमी. त्यांची ही एवढी एक धाव तिच्या वाट्याला आली होती, आणि ते गेल्यापासून ती तिने जिवापाड जपली होती. डाव्या भुवईत टाक्यांच्या जागी केस उगवत नसत. आरशात तिथे बोट फिरवायची तिला सवयच लागली होती.

ती एकुलती एक. पण गोष्टीत तिने एक थोरली बहीण घातली आणि पडणं, टाके, बाबांची धाव, सगळं त्या ताईला देऊन टाकलं. मग लेखणी अशी धावली की बस्स. वर्गात वाचून झालं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. सरांनी कागद स्वतःकडे ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती आईकडे गेली. आई मटार सोलत बसली होती.

"तो जुना दवाखाना पाडला म्हणे," आई म्हणाली. "काय पळाले होते गं तुझे बाबा ताईला घेऊन."

"कुणाला घेऊन?"

"ताईला. भुवई फुटली होती ना तिची. चप्पल पडली, तरी थांबले नाहीत."

"आई, ती मी होते."

आईने हातातली शेंग खाली ठेवली. "तू पोटात होतीस माझ्या. म्हणून तर मला पळता आलं नाही."

आईचं वय झालंय, असं तिने मनाला समजावलं. पण आईला बाकी सगळं लख्ख आठवत होतं, अगदी शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या नावासकट. ती न्हाणीघरात गेली, दिवा लावला आणि आरशाला नाक टेकेल इतकी जवळ गेली. डाव्या भुवईचे केस एका रेषेत, दाट होते. मग उजवी पाहिली. तीही तशीच.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "माझ्या भुवईवर व्रण होता ना रे?"

तो इस्त्री करत होता. "तुझ्या? तो ताईंच्या आहे," मान वर न करता तो म्हणाला.

"कोण ताई?"

तो हसला, जणू तिने थट्टा केली होती, आणि त्याने कॉलर उलटी केली.

आठवडाभर कामात तिचं लक्ष लागलं नाही. सारखा नंबर चुकायचा. गोष्टीतली 'ताई' खोडायची आणि तिथे 'मी' लिहायचं, एवढंच तिला सुचत होतं. शनिवारी ती वर्गाच्या आधीच जाऊन पोहोचली.

"सर, माझी गोष्ट परत द्या. थोडी बदलायचीय."

सर गोंधळले. "ती ताईंनी नेली ना मघाशी."

"माझी गोष्ट आहे ती."

"तुम्ही धाकट्या ना? त्यांना सोडायला आला होतात एकदा." सरांचा आवाज मऊ झाला. "छान लिहितात तुमच्या ताई. आज वर्गाला बसत नाही म्हणाल्या. घरी जाऊन पुढची गोष्ट लिहायचीय."

"कशावर?"

"लग्नावर."

ती जिना उतरली तो पळतच. रस्त्यात लोक वळून पाहत होते. चौकात सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावायला घेतला. नंबर तिला तोंडपाठ होता. पहिले आकडे आठवले, पुढचे नाहीत.

घर मात्र सापडलं.

पर्समध्ये किल्ली नव्हती. तिने बेल वाजवली.

नवऱ्याने दार उघडलं. अंगात घरातला जुना शर्ट, खांद्यावर टॉवेल. तिला पाहून त्याने टॉवेल चटकन मागे लपवला.

"अरे, या ना, या," तो म्हणाला. "ती आत लिहीत बसलीय. बसा, पाणी आणतो."

ती सोफ्याच्या कडेला बसली. आत खुर्ची सरकली, मग पुन्हा शांत झालं.

"काही काम होतं का?" पाण्याचा ग्लास पुढे करत त्याने विचारलं.

ती आठवू लागली. काहीतरी होतं खरं.

"नाही, सहजच आले," ती म्हणाली, आणि आतलीला त्रास नको म्हणून आवाज बारीक केला.