काडेपेटीतली पट्टी

बापट सर त्या गुरुवारी बाजारात गेले ते फक्त पितळ घासायचं पॉलिश आणायला. आता यात भिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण आठवड्यातली ही तिसरी बाटली होती. दुकानदार हसून म्हणालासुद्धा, "सर, पॉलिश लावताय की पिताय?" सर हसले नाहीत. पिशवी काखोटीला मारून निमूट घरी आले.

परशुराम बापट म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकवणारे, रत्नागिरीतल्या अर्ध्या कारागिरांचे मास्तर. माझेही. मिरजोळ्याला त्यांचं घर, मागे पत्र्याची खोली, खोलीत काचेचं कपाट आणि कपाटात वाफेवर चालणारी सात छोटी इंजिनं. खेळणी म्हणालात तर सर अंगावर येतील! हातभर लांब, पण वाफ खरी, शिट्टी खरी. कुठल्याशा माळ्यावर, भंगारात पडलेलं मोडकं इंजिन शोधून आणायचं आणि महिनोन्महिने खपून ते चालतं करायचं, हा त्यांचा नाद. दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मात्र अगदी पहिल्या तुकड्यापासून घडवलेलं, आपलं स्वतःचं असं इंजिन त्यांच्याकडून कधी झालं नाही. दोनदा करायला घेतलं, दोनदा फसलं. ते त्यांना आतून खात होतं.

कपाटातलं सातवं इंजिन भिकाजीचं. भिकाजी पड्याळ मूळचा मंडणगडकडचा, इथे एका कारखान्यात लेथवर होता. नऊ वर्षं दर रविवारी तो या खोलीत यायचा. सरांनी ड्रॉइंग दिली, पितळ दिलं. बाकी सगळं भिकाजीच्या हातचं. त्याची एक खोड होती. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तो बोटाच्या पेराने दोनदा ठोकून सांगायचा. टक् टक्. "अर्धं हाय, सर." आणि अर्धंच असायचं.

इंजिन घडवणारा आपल्या नावाची पट्टी त्याच्या अंगावर लावतो, ही या छंदातली जुनी रीत. भिकाजीने तेवढंच मागितलं होतं. पट्टी त्याने स्वतः कोरली, 'भिकाजी पड्याळ, मंडणगड', आणि काडेपेटीत घालून सरांच्या स्वाधीन केली. ती लावायच्या आधीच, मार्च महिन्यात, छातीत कळ येऊन तो गेला.

मग एकदा पुण्याहून दोन शौकीन आले. इंजिन बघून त्यांनी तोंडात बोटं घातली. "कुणी केलं हो हे?" त्यांनी विचारलं. आणि बापट सर म्हणाले, "मी." एकच अक्षर. पण ते तोंडातून सुटलं आणि मग निभावणं आलं. त्याच आठवड्यात सरांनी स्वतःच्या नावाची पट्टी कोरली, चार स्क्रूंनी इंजिनावर बसवली आणि काडेपेटी खणाच्या तळाशी ढकलली.

इथवरसुद्धा माणूस एक वेळ स्वतःला समजावतो. पण त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी भिकाजीची बायको सोनूबाई आली. पहाटेच्या एसटीने, पिशवीभर आमसुलं घेऊन.

"आमच्या ह्यांनी केल्याली गाडी बगायची हाय, सर."

सरांनी इंजिन टेबलावर ठेवलं. बाईने टेबलाभोवती फिरून ते चारी बाजूंनी बघितलं. मग हळूच म्हणाली, "नाव कुटं हाय वो ह्यांचं? मला काय वाचता येत न्हाय."

सरांनी तिचं बोट धरलं आणि स्वतःच्या नावावर ठेवलं.

"हे बघ. इथे."

"काय लिवलंय?"

"भिकाजी पड्याळ," सर म्हणाले. "मंडणगड."

बाईने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, चारदा. पदराने डोळे पुसले. जाताना म्हणाली, "रविवारी तुमचं परदर्शन हाय ना? दीपालीला घेऊन येते. तिला वाचता येतं. पोरीला बापाचं नाव वाचूदे."

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. कानशिलं तापतात आणि आरशासमोर उभं राहवत नाही.

पितळाला उघड्या बोटाचा घाम लागला की दोन-तीन दिवसांनी तिथे काळपट डाग उठतो, म्हणून ही मंडळी हातमोजे घालून इंजिनाला हात लावतात. पण इथे दुसऱ्या सकाळीच पट्टीवर डाग उठला होता, बोटाच्या रुंदीचा, बरोबर बाईने फिरवलं तसा. सरांनी घासून काढला. दुपारी तो परत आला. पुन्हा घासला, संध्याकाळी पुन्हा तिथेच. आता कळलं ना तीन बाटल्या कशाला लागल्या ते?

शनिवारी दुपारी सरांच्या पत्नी वासंतीकाकू नात्यातल्या कुणाकडे बारशाला गेल्या होत्या. सरांनी मनाशी ठरवलं, आज पट्टी बदलायचीच. पत्रा तापला होता, खोलीत स्पिरिटचा आणि जुन्या तेलाचा वास कोंडला होता. त्यांनी काडेपेटी उघडली. भिकाजीची पट्टी तळहातावर घेतली. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. पहिला स्क्रू सैल केला, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे शौकीन. "सर, उद्या तुमचं इंजिन बघायला आणखी चार जणांना घेऊन येतोय!"

"या, या," सर म्हणाले. फोन ठेवला. मग भिकाजीची पट्टी काडेपेटीत घातली आणि सैल केलेला स्क्रू पुन्हा आवळला.

टक् टक्.

सरांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. वरच्या पत्र्यावर कावळासुद्धा नव्हता.

टक् टक्.

आवाज टेबलावरून येत होता. बॉयलरमधून… आतून. सरांनी हातमोजा काढून भीत भीत बॉयलरला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. बॉयलर तापलेला होता. खाली स्पिरिटचा दिवा पेटलेला नव्हता, आत पाण्याचा थेंब नव्हता.

"भिकाजी…" सर पुटपुटले, "अरे, उद्याचा दिवस जाऊ दे… मग लावतो…"

नुसतं ऊन आणि तो तेलाचा वास. सर खोलीबाहेर पडले आणि काकू येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.

रविवारी प्रदर्शनाचा हॉल भरला होता. मीही होतो. सर टेबलामागे उभे, घामाने शर्ट चिकटलेला. सोनूबाई लेकीला हाताला धरून गर्दीतून पुढे आली. "हे बग. हितं लिवलंय. वाच."

दीपाली वाकली. सरांनी डोळे मिटले.

"भिकाजी पड्याळ," तिने मोठ्याने वाचलं. "मंडणगड."

सरांनी डोळे उघडले. पट्टीकडे पाहिलं. 'परशुराम बापट, रत्नागिरी.' त्यांचीच अक्षरं, त्यांनीच कोरलेली, वर तो काळपट डाग. त्यांनी पुण्याच्या माणसाचा दंड धरला. "तुम्ही वाचा. काय आहे?"

"भिकाजी पड्याळ," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही केलेलं नाही हे? आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव लावलंत! वा सर!"

"नाही हो!" सर ओरडले. "ते माझं नाव आहे! मी लावलंय, मी खोटं बोललो… या बाईला फसवलं मी…"

सोनूबाईने त्यांच्या पायांना हात लावला. "असं काय बोलताव, सर? द्येव मानूस तुमी." कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या हॉलने वाजवल्या. त्या टाळ्यांत सरांनी जो चेहरा केला, तसा चेहरा मी मयताच्या घरीसुद्धा पाहिलेला नाही.

घरी आल्यावर त्यांनी काडेपेटी काकूंसमोर धरली. सरांना आतल्या पट्टीवर भिकाजीचं नाव स्वच्छ दिसत होतं. "वासंती, हे वाच."

"चष्मा आहे ना डोळ्यांवर? तुमचंच नाव आहे की," काकू म्हणाल्या. "इंजिनावरून काढलीत ना शेवटी? बरं केलंत. माझ्या जिवाला घोर लागला होता."

तेव्हापासून सर घरी येईल त्याला इंजिनावरची पट्टी वाचायला लावतात. इंजिन त्यांनी सोनूबाईला देऊ केलं. तिने घेतलं नाही. तुमच्याकडेच शोभतं, म्हणाली.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. मलाही वाचायला लावलं. "खरं सांग," सर म्हणाले, "तुला माझी शपथ." मी वाचलं, भिकाजी पड्याळ, मंडणगड. सर लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि समोर बसून राहिलो. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांचे हात माझ्या हातात होते, आणि काचेच्या कपाटात कोणीतरी दोनदा ठोकलं.