उंबऱ्याजवळची पट्टी

निरंजनच्या बहिणीचं अभनपुरात लग्न झालं, ते दोन हजार तेवीस साल. मांडव उतरला, ऊन तापू लागलं आणि रायपुरात घेतलेल्या आपल्या लहानशा नव्या घरासाठी फरशी बघायला निरंजन तात्यापाऱ्यातल्या दुकानात गेला. मिस्त्री लावणं परवडत नव्हतं. मागचा कागद सोलून आपल्याच हातानं चिकटवायच्या विनाइलच्या पट्ट्या तेवढ्या जमण्यासारख्या होत्या. सागवानी रंगाचे शेवटचे खोके उरले होते, आणि त्यांवर एका मुलीनं आधीच हात ठेवला होता.

"भैया, मी घेऊन जाऊ का हे?" तिनं विचारलं.

"हव," निरंजन म्हणाला.

रायपुरात वाढलेल्या माणसाचा तो साधा होकार. पण मुलगी अमरावतीकडची, इथं नवी. तिनं ऐकलं — हवं. तिचा चेहरा उतरला. खोके त्याच्याकडे सरकवून ती निघूनही गेली. निरंजन भर उन्हात मागे धावला आणि हव म्हणजे हो, हे धापा टाकत समजावू लागला. ती थांबली, ओढणीनं कपाळ टिपलं आणि अशी हसली की आपण दुकानात कशाला आलो होतो तेच त्याला आठवेना.

तिचं नाव मंजिरी. तिचे वडील श्यामराव रेल्वेतून निवृत्त झालेले. लकव्यानं त्यांचा उजवा पाय फरफटत होता. त्यांच्या नव्या घरात खरबरीत सिमेंट होतं, त्यावर फरफटणाऱ्या पायाची बोटं सोलून निघाली असती. म्हातारा मात्र हटून बसला होता, घरात शिरेन तर स्वतःच्या पायांनी. अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरला होता.

खोके दोघांनी अर्धे अर्धे वाटून घेतले. एकटीला जमायचं नाही, म्हणून निरंजन संध्याकाळी मदतीला जाऊ लागला. मदत कमी, बघणंच जास्त. ती केस वर बांधायची, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, मग तळवा जमिनीवरून असा फिरवायची जसा झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून... एक खडा सुटत नसे. घरी मराठी असूनही तो हिंदीत बोलायचा, ती मराठीत उत्तर द्यायची. मराठी घरीच ठेवून येता काय, असं चिडवायची. भैया म्हणणं मात्र तिनं कधीचंच सोडलं होतं.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी उंबऱ्याजवळची एकच पट्टी राहिली. निरंजननं ती कापली.

"काहून आखूड कापली?" मंजिरीनं विचारलं.

तो खाली बघत राहिला. "काम खतम झालं तर... उद्यापासून मी कशाला येऊ?"

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिचे डोळे भरले. "बाबाचा पाय इथंच अडकन. आता एकही पट्टी नाही."

निरंजन मान खाली घालून निघाला. परतला तेव्हा त्याच्या हातात अख्खी पट्टी होती, नवीकोरी. त्याच्या घरी तर एकही लागली नव्हती. सगळ्या संध्याकाळी इथंच गेल्या होत्या. मंजिरीला ते कळलं. तिनं पट्टी मापून कापली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या घरी एक कमी पडन."

"पडू दे. तिथं..." तो अडखळला. "तिथं तू ये."

तिनं वर पाहिलं नाही. पट्टी जागेवर बसवली. "हात द्या. जोरानं दाबा, सांधा दिसला नाही पाहिजे." दोघांचे तळवे शेजारी शेजारी होते. "आन् उद्या बाबाले विचारा," ती म्हणाली. "मले काय विचारून राहिले..."

दुसऱ्या दिवशी श्यामराव काठी टेकत आत आले. पाय कुठंच अडखळला नाही. थेट खिडकीपर्यंत गेले, वळले आणि पुन्हा उंबऱ्यापर्यंत चालून आले. निरंजनच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, पोट्टा कामाचा दिसते.

मार्गशीर्षात लग्न झालं. निरंजनच्या घरची फरशी नवराबायकोनं मिळून लावली.

श्यामराव जानेवारी दोन हजार पंचवीसमध्ये, आपल्या त्याच घरात वारले.