उसनं नाक

"जरा सांगता का... हा वास कसा वाटतोय?"

मृणालने विचारलं खरं, आणि विचारल्यावर तिचेच कान तापले. अनोळखी माणसाच्या नाकासमोर कागदाची पट्टी धरून उभं राहणं तिच्या स्वभावात कुठे होतं? पण दुकानदार परशुरामभाऊ मेणाची गोणी काढायला माळ्यावर चढले होते, आणि ते खाली यायच्या आत तिला तेल निवडायचं होतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक एकच होतं. पाण्यावर तरंगणाऱ्या मेणबत्त्यांचे खोके मोजत बसलेला हा तरुण.

त्याने पट्टी हुंगली. "मोगरा आहे."

"ते बाटलीवर लिहिलंय. कसा आहे?"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. ही थट्टा करतेय की काय... पण तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मग त्याने डोळे मिटले आणि पुन्हा हुंगलं.

"आमच्याकडे हळदीला बायका गजरे माळतात ना... नाच नाच नाचतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गजरा उशाशी पडलेला असतो. त्या सकाळचा मोगरा आहे हा. गोड आहे, पण थोडा दमलेला."

दमलेला मोगरा मृणालला कळला. अगदी लख्ख कळला.

तिने घाईघाईने दुसरी पट्टी बुडवली. "आणि हा? लॅव्हेंडर."

"हा... दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या बाई असतात ना, त्यांचा रुमाल."

ती हसली. किती दिवसांनी हसली, ते तिलाच आठवेना.

"काय कमलेशशेठ," माळ्यावरून परशुरामभाऊंचा आवाज आला, "माल घ्यायला आलात का माझ्या बाटल्या हुंगून संपवायला?"

कल्याणच्या बाजारातल्या त्या गल्लीत मेण, वाती, साचे आणि सुगंधी तेलं एकाच छपराखाली मिळणारं हे एवढंच दुकान होतं, आणि मृणाल तिथे कॉलेजपासून येत होती. एके काळी बाटलीचं बूच उघडायच्या आत ती तेल ओळखायची. "हिच्या नाकाला पगार द्यायला पाहिजे," असं भाऊच म्हणायचे.

मग ती साथ आली. पप्पा आणि मृणाल एकाच दिवशी आजारी पडले. ती घरी परतली. पप्पा परतले नाहीत. आणि त्याच आठवड्यात केव्हातरी वास गेला. सगळ्यांचा वास महिन्याभरात परत येतो म्हणतात. तिचा आला नाही. चहा नुसता गरम लागायचा. दूध करपलं तरी आईने ओरडल्यावर कळायचं. आईने एकदा पप्पांचा शर्ट कपाटातून काढला, तोंडाशी धरला आणि रडली. आई आत गेल्यावर मृणालनेही तो तोंडाशी धरला. कापड होतं. नुसतं कापड.

आईशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. जुन्या वहीतली मापं होती, जुनी तेलं होती, त्यावर तिने मेणबत्त्या चालू ठेवल्या. पण यंदा भाऊंकडे येणाऱ्या तेलांची कंपनी बदलली, आणि वही एका दिवसात मुकी झाली. त्यातच ठाण्याच्या नौपाड्यात भेटवस्तूंचं दुकान चालवणाऱ्या वैशालीताईंनी वाळ्याच्या चाळीस मेणबत्त्या मागितल्या होत्या. नव्या दुकानाच्या उद्घाटनासाठी. "तुझ्या नाकावर माझा डोळे झाकून विश्वास आहे," म्हणाल्या होत्या.

पुढच्या रविवारी ती दुकानात गेली, तर कमलेश आधीच बसलेला. मेणबत्त्यांचा एकही खोका समोर नव्हता.

"आज काय घ्यायचंय?" तिने विचारलं.

"काही नाही. भाऊंचा चहा चांगला असतो."

"मी चहा पाजतच नाही कुणाला," भाऊ वहीतून मान न काढता म्हणाले.

कमलेश मंडप डेकोरेटर. डोंबिवलीजवळच्या गावचा आगरी. आजोबा राघो मिठागरावर राबले, आता शेतांच्या जागी बिल्डिंगी झाल्या, आणि नातू लग्नांचे मांडव घालतो. हे सगळं तो आपणहून सांगत सुटला, आणि मृणाल पट्ट्या बुडवत राहिली. अर्धा तास गेला. मग खाली वाकून त्याने तिच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"यात सुके बोंबील आहेत. आईने मागवलेत. मघापासून तुमच्या शेजारी आहेत. भाऊंनी पंखा तिकडे फिरवला, एक बाई दारातून परत गेल्या..." त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला वास येत नाही ना?"

मृणालने बाटलीचं बूच लावलं. नीट, घट्ट. खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्याच्याने बोलवेना. तिने फक्त मान हलवली.

तो "अरेरे" म्हणाला नाही, "होईल बरं" म्हणाला नाही. मग त्याने पट्ट्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला.

"माझं घ्या ना. नाक. मांडवात फुलांशिवाय त्याला काही काम नसतं."

"उसनं?"

"परत नाही दिलंत तरी चालेल..."

असं ते सुरू झालं. ती त्याला मेण शिकवायची, तो तिला वास सांगायचा. पॅराफिन स्वस्त, वास लगेच भकाभक सोडतं. मधमाशीच्या मेणाला स्वतःचाच वास, दुसऱ्याला तो पुढे येऊ देत नाही. सोया मेण मात्र सावकाश. ओतल्यावर दोन आठवडे हातसुद्धा लावायचा नाही, तेव्हा कुठे तेल आणि मेण एकजीव होतं.

"दोन आठवडे?" कमलेश कपाळावर हात मारून म्हणाला. "आमच्याकडे दोन आठवड्यांत लग्न ठरून, होऊन, पोरगी पाचपरतावणाला येते."

"म्हणूनच. घाईत ओतलं की तेल वर तरंगतं. आणि अजून एक... पहिल्यांदा पेटवली की मेण कडेपर्यंत वितळू द्यायचं. दोन-तीन तास. मध्येच फुंकली तर पुढच्या वेळीही तेवढंच वितळतं. मध्ये खड्डा पडतो आणि बाजूचं मेण तसंच राहून जातं."

"मेणाला एवढं लक्षात राहतं?"

"राहतं."

ती ते सहज म्हणाली होती. पण तो तिच्याकडे बघतच राहिला, आणि तिने उगाच वातींची पुडी पुन्हा मोजली.

नमुन्याची मेणबत्ती तो गावी घेऊन जायचा, पेटवायचा आणि मोबाइलवर बोलून पाठवायचा. मृणाल ते गॅलरीत उभी राहून ऐकायची, कधी दोनदा, कधी चारदा. "मृणाल, हा चंदन नाहीये गो. हा चंदनाचा चुलतभाऊ हाय, शहरात जाऊन शिकलेला." त्याला मनापासून काही सांगायचं असलं की पुस्तकी मराठी गळून पडायची आणि गावची बोली वर यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "कसलं ऐकतेस गं एवढं?" — "काम आहे आई." — "हसायचं काम?"

वाळ्याचा नमुना मुरून तयार झाला तो डिसेंबरात. वैशालीताईंचे रोज फोन. लग्नसराईचं सांगून कमलेश रविवारी दुकानात येत नव्हता, आणि त्या वेळी त्याचा आवाजही आला नाही. लिहून आलं — "सुगंध अत्यंत प्रसन्न व शीतल आहे. निःसंकोच पुढे जावे."

घाईत होती ती. हसली, आणि चाळीस काचेच्या पेल्यांत मेण ओतलं.

फोन आला तो उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी. वैशालीताई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मृणाल, मी एक पेटवून बघितली. अगं, कुणी आत्ताच फरशी फिनेलने पुसून गेल्यासारखं वाटतंय. तुला... तुला हे कळलं नाही?"

मृणाल भिंतीला टेकली. मग तिने सांगून टाकलं. सगळं. पप्पांपासून.

"आधी सांगायचंस गं वेडे," वैशालीताई म्हणाल्या. "उद्या मीच येते कल्याणला. तेल मी निवडते, मेण तू ओत. ते तर तुझ्या हाताला कळतं ना?"

काम वाचलं. पण मृणालला हायसं वाटेना. तिने तो लिहिलेला निरोप पुन्हा उघडला. *अत्यंत प्रसन्न व शीतल.* हे कमलेशचे शब्दच नव्हते.

तो शहाडला मांडव घालत होता. ती तिथे गेली, तेव्हा तो बांबूच्या शिडीवर उभा राहून झालर ठोकत होता. त्याने तिला पाहिलं, चेहरा फुलला... आणि त्याला शिंक आली. एक नाही, लागोपाठ चार.

"कधीपासून आहे सर्दी?" तिने खालून विचारलं.

तो शिडीवरून उतरला. तिच्या आवाजातच त्याला सगळं कळलं असावं. "तीन आठवडे. धुळीची आहे. दरवर्षी होते या दिवसांत."

"म्हणजे तुला वास येतच नव्हता."

"मृणाल, तुला घाई होती. वैशालीताई मागे लागल्या होत्या. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

तो झालरीचं टोक बोटांभोवती गुंडाळत राहिला. "वाटलं, नाकच बंद म्हटल्यावर मी तुझ्या काय कामाचा? दुसरं कुणीतरी शोधशील. परशुरामभाऊ आहेत, ताई आहेत... मग रविवार कुठला, आणि आवाज पाठवणं तरी कुठलं."

"मला नुसतं नाक पाहिजे असतं, तर भाऊंनाच नसतं विचारलं? फुकट सांगितलं असतं त्यांनी." तिचा आवाज कापला. "मी जगात एका माणसाचं म्हणणं माझं म्हणून धरलं, कमलेश. तू गोड म्हणालास की मला गोड लागायचं. तू नुसतं 'सर्दी झालीये' म्हणाला असतास ना, मी आल्याचा काढा घेऊन आले असते. आता तू काहीही सांगितलंस तरी मी ते तपासू कशाने?"

ती वळली. मागून तिला पुन्हा शिंक ऐकू आली, आणि रडू येत असतानाही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते आलंच... काढ्याचं.

वैशालीताई येऊन गेल्या. नव्या चाळीस काचा ओतून झाल्या. फळीवर त्या रांगेने मुरत राहिल्या. मोबाइलवर एकच निरोप आला होता, दुसऱ्याच दिवशी. आवाजाचा. चोंदलेल्या नाकाने तो म्हणत होता, "मी खोटा बोललो. चूक माझी हाय. तू बोलवशील तवाच येईन." मृणालने तो पुसला नाही. पुन्हा ऐकलाही नाही. म्हणजे, दोनदाच ऐकला.

पंधराव्या दिवशी मेणबत्त्या ठाण्याला गेल्या. उद्घाटनाच्या दिवशी वैशालीताईंचा फोन आला, मागे गिऱ्हाइकांचा गलबला, आणि त्या म्हणाल्या, "विहिरीच्या काठावर बसल्यासारखं वाटतंय सगळ्यांना." मृणालने फोन ठेवला आणि कमलेशला लिहिलं — "एक नमुना बघायचाय. घरी ये. आई आहे."

तो दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. मृणालच्या आईने, मंजुळाबाईंनी, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "बसा" म्हणाल्या, आणि आत जाऊन भांड्यांचा जास्तच आवाज करत राहिल्या. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल होतं. त्यावर काचेत एक पांढरी मेणबत्ती.

मृणालने ती पेटवली. "सांग."

तो खुर्चीवर पुढे सरकला. हुंगलं. थांबला. पुन्हा हुंगलं. कपाळावर आठी आली. त्याने तिच्याकडे पाहिलं, ती मात्र ज्योतीकडेच बघत होती. दोन आठवडे मुरवलेलं हिचं काम. बोलावलं तेही याच्यासाठीच. सांगायचं काय आता? किती सोपं होतं काहीतरी छानसं बोलणं...

"मृणाल," तो हळूच म्हणाला, "मना कायच वास येत नाय गो."

"नीट बघ."

"बगला. मेण हाय, वात हाय. दुसरा कायच नाय."

"सर्दी असेल."

"सर्दी नाय. तुझ्या आईने आत्ता फोडणीत लसूण टाकलाय, तो येतोय. तुझ्या केसांना शिकेकाई हाय, ती येतेय. हिचा येत नाय." त्याने हात जोडल्यासारखे केले. "तुना राग आला तरी चालेल. पण नाय म्हणजे नाय."

मृणालने एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"त्यात काही घातलंच नाहीये," ती म्हणाली. "पप्पा रोज सकाळी अशीच लावायचे. इथेच. साधी, पांढरी."

आतली भांडी थांबली होती.

"आमच्याकडे लग्नातही हीच लावतात," ती पुढे म्हणाली, आणि आवाज बारीक झाला. "दोघं मिळून. फोटोंसमोर. बिनवासाचीच असते."

"दोघं... म्हणजे कोण दोघं?"

"ते मी सांगायचं का?"

कमलेशचा चेहरा लाल झाला, मग एकदम गंभीर. "मी आईला तुझ्याबद्दल सांगितलंय," तो म्हणाला. "शहाडनंतर. म्हटलं, तू हो म्हण न म्हण, आपण घरी खोटं बोलायचं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारते, 'पोरगी म्हावरा खाते का?'"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सुके बोंबील शेजारी ठेवले तरी जागची हलत नाय."

आतून खुदकन हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ उगाचच एक झाकण पडलं. मृणाल डोळे पुसत हसली. कमलेश गडबडून उठला, आणि मेणबत्ती वाया जाऊ नये म्हणून फुंकर घालायला वाकला.

तिने त्याचं मनगट धरलं.

"विझवू नकोस. पहिल्यांदाच पेटवलीये. कडेपर्यंत जाऊ दे."

"किती वेळ लागेल?"

"तीन तास तरी."

"एवढाच?" तो म्हणाला, आणि मनगट न सोडवता पुन्हा खाली बसला.