भिंतीतला अंगठा

इंग्लंडमधल्या हॉर्नसीच्या किनाऱ्यावर जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेणारा माणूस आत शिरला की आधी भिंती अंगठ्याने दाबून बघतो. मऊ लागली तर ओल मुरलेली. विक्रेता थ्वेट याच्या आवारात मी एकूण एक भिंत दाबली होती. सगळ्या कडक होत्या. मी आणि माझा नवरा क्लिफ, आम्ही ती कॅरॅव्हॅन घरी आणून दारात उभी केली.

आठवडाभरात कॅरॅव्हॅनच्या खिडकीखाली माझा अंगठा भिंतीत रुतला. भिंत ओली होती. आणि कोमट.

कोमट कशी, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. ओल म्हणजे दोष. मी थ्वेटला गाठलं.

"आहे तशी घेतलीत, मॅडम. सहीसुद्धा केलीत."

"सही गेली खड्ड्यात! दुकानदाराकडून घेतलीय मी, रस्त्यावरच्या कुणाकडून नाही. महिन्याच्या आत दोष निघाला की पैसे परत. कायदा मलाही वाचता येतो."

"दुरुस्त करून देतो ना."

"दुरुस्ती नको. परत घ्या."

क्लिफने माझी बाही ओढली. "जाऊ दे ना, जॅनिस. चारचौघांत तमाशा कशाला?" आमच्याकडे लोक गार झालेलं सूप मुकाट पितात आणि वर 'छान होतं' म्हणतात. या गुळमुळीतपणाचा मला मनस्वी संताप येतो.

थ्वेट टाळत राहिला. पुरावा म्हणून मी रोज त्या खळग्याचे फोटो काढत होते. एका सकाळी खळग्याच्या जागी उंचवटा होता, आमच्या बाजूला आलेला. अंगठ्याएवढा. नखाची कडासुद्धा दिसत होती. मी तो आत दाबला. तो थोड्या वरच्या जागी पुन्हा उगवला.

"आत कुणीतरी आहे, जॅनिस," क्लिफ दारातूनच म्हणाला.

"असू दे. तोही दोषच. तोही कळवते त्याला."

कळवल्यावर मात्र थ्वेट स्वतः आला. उंचवटा बघून त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही त्याला परत आत दाबलात?"

"दाबणारच. त्यात काय?"

तो पुढे वाद घालेना. तिथल्या तिथे सगळे पैसे परत केले. निघण्याआधी पुन्हा कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन त्याने भिंती चाचपल्या आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता कडक आहेत," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता कॅरॅव्हॅन गाडीला जोडून घेऊन गेला.

मी जिंकले होते. क्लिफला चहा टाकायला लावला आणि त्या रात्री गाढ झोपले.

सकाळी माझ्या उशीशेजारी वॉलपेपर अंगठ्याएवढा फुगलेला होता.

आमच्या घराची भिंत विटांची आहे.

मी हात मागे बांधले. "माझं घर आहे हे," मी भिंतीला बजावलं. "मी इथून हलणार नाही."

दंड गार लागत होता, म्हणून बाही वर केली.

दंडावर अंगठ्याएवढा खळगा होता. आम्ही भिंती दाबतो, तसं कुणीतरी मला दाबून बघितलं होतं.

खळगा ओला होता. तो अजून भरून आलेला नाही.