सुरैयाच्या मागे चालणारा तारा

चालणारा तारा कधी कुणी पाहिला आहे का?

थुमने हा प्रश्न विचारला आणि वेधशाळेच्या अंगणातले सगळे त्याच्याकडे वळले. थुम दूरच्या एका ग्रहावरून आलेला पाहुणा. उलट्या ठेवलेल्या काचेच्या घंटेसारखा दिसायचा, आणि विचारात पडला की आतून निळा व्हायचा. आत्ता तो गडद निळा झाला होता.

कोकण किनाऱ्यावरच्या त्या टेकडीवर आज त्याचं स्वागत होतं. बारा वर्षांच्या रुमाना परकारने त्यासाठी एक अरबी कविता म्हटली होती. कविता तिच्या नानांची. नाना खगोलशास्त्रज्ञ. तरुणपणी ते मस्कतजवळच्या वाळवंटात दुर्बिणीवर काम करायचे आणि फावल्या वेळात अरबीत कविता लिहायचे. रुमानाने तिचा अर्थही सांगितला होता :

आकाशाच्या मशिदीत सुरैयाचं झुंबर लागलं,
लाल डोळ्यांचा यात्रेकरू तिच्यामागे निघाला.
युगं गेली, पाऊल थांबलं नाही,
चालणं हीच त्याची प्रार्थना.

"सुरैया म्हणजे तुमच्या कृत्तिका," थुम म्हणाला. "तो यात्रेकरू म्हणजे रोहिणीचा लाल तारा. अरबीत त्याला अद-दबरान म्हणतात, म्हणजे मागून येणारा. बरोबर?"

"हो!" रुमाना खुशीत म्हणाली.

"पण आकाशात मशीद नाही. ताऱ्याला पाय नाहीत. आणि तो कुणाच्याही मागे जात नाही. तो इथून सुमारे पासष्ट प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष). कृत्तिका चारशेहून जास्त प्रकाशवर्षांवर. त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. मग तू खोटं का बोललीस?"

रुमानाचा चेहरा उतरला. थुमचं मोठं यान चंद्रापलीकडे थांबलं होतं. माणसांशी बोलणं सुरू ठेवायचं की परत फिरायचं, ते आज थुमच्या निरोपावर ठरणार होतं. थुमच्या लोकांच्या भाषेत कवितेला शब्द नव्हता. खोट्याला मात्र होता, आणि खोटं बोलणाऱ्यांशी ते पुन्हा बोलत नसत.

नाना घाईघाईने पुढे आले. "अहो, ती कविता माझी..."

"वाक्य जिने उच्चारलं, तिनेच उत्तर द्यायचं," थुम म्हणाला. "आमची रीत आहे."

नानांनी रुमानाच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, घाबरू नकोस. सावकाश विचार कर."

 थुम सकाळपासून काय काय बोलला ते रुमाना आठवू लागली, आणि एकदम तिचे डोळे चमकले.

"तुम्ही सकाळी म्हणालात, आमचं यान प्रकाशाच्या लाटांवर चालतं. मग त्या लाटांमधलं पाणी कुठं आहे?"

"पाणी नाही. लाटेचं फक्त वरखाली होणं घ्यायचं. बाकीचं सोडून द्यायचं."

"म्हणजे समुद्राच्या लाटेतली एकच गोष्ट उचलून तुम्ही प्रकाशाला लावलीत!" रुमाना जवळजवळ ओरडलीच. "नानांनीही तेच केलंय. याला प्रतिमा म्हणतात (एका गोष्टीतून दुसरी दाखवणारं शब्दचित्र). झुंबरातून फक्त एकत्र लटकणारे दिवे घ्यायचे. अरबीत तर सुरैया म्हणजे झुंबरसुद्धा! आणि यात्रेकरूचं न थकता चालणं घ्यायचं. पाय सोडून द्यायचे."

थुमचा निळा रंग थोडा फिकट झाला. "लाल डोळा?"

"तो तारा आपल्या सूर्यापेक्षा थंड आहे, म्हणून लालसर दिसतो. नानांना तो जागरणाने लाल झालेल्या डोळ्यासारखा वाटला."

"पण मागे चालणं? ते तर प्रतिमा म्हणून नाही, प्रत्यक्ष पाहून सांगितलंय. आणि ते चूक आहे."

"चला माझ्याबरोबर!"

रुमाना त्याला फाटकापाशी घेऊन गेली. समोर जवळच एक दिव्याचा खांब होता. त्याच्या डावीकडे, लांब डोंगरावर, मनोऱ्याचा दिवा लुकलुकत होता. तिने डावीकडून उजवीकडे सावकाश गिरकी घेतली.

"मी म्हणजे पृथ्वी, लांबचा मनोरा म्हणजे सुरैया, जवळचा खांब म्हणजे दबरान. फिरताना मला आधी मनोरा दिसतो, मग खांब. पुन्हा फिरले, पुन्हा तेच. खांब मनोऱ्याच्या मागून येतोय असंच वाटतं ना? आता तुम्ही फिरा."

थुम भोवऱ्यासारखा गरगरला. "आधी मनोरा... मग खांब! हो!"

"आता या टाकीपाशी!" दोघं उजवीकडे, पाण्याच्या टाकीपाशी धावले. तिथून खांब मनोऱ्याच्या डावीकडे गेलेला दिसत होता. थुमने गिरकी घेतली आणि तो लख्ख पिवळा झाला.

"आधी खांब! मग मनोरा! उलटं झालं!"

"याला पराशय म्हणतात," मागून धापा टाकत आलेले नाना म्हणाले. "पाहणाऱ्याची जागा बदलली की वस्तूंची मांडणी बदललेली दिसते. तुमच्या ग्रहावरून दबरान सुरैयाच्या मागे नसेलही. पृथ्वीवरून मात्र तो रोज तिच्या मागूनच उगवतो."

"मग मशीद कशाला? प्रार्थना कशाला?"

नाना क्षणभर पूर्वेकडे पाहत राहिले. तिथे आत्ताच कृत्तिका वर आल्या होत्या. "वाळवंटात त्या आकाशाखाली उभा राहिलो, तेव्हा आपोआप माझा आवाज खाली आला. मशिदीत पाऊल टाकताना येतो तसा. दुर्बिणीने मला अंतर सांगितलं. पण माझा आवाज का खाली आला, ते सांगायला मला मशीदच लागली."

 थुमने यानाकडे निरोप पाठवला आणि रुमाना-नानांना तो मराठीत ऐकवला : "ही माणसं खोटं बोलत नाहीत. आपण कुठं उभे आहोत आणि आपल्याला कसं वाटतंय, ते एकाच वाक्यात सांगतात."

रुमानाने आनंदाने उडीच मारली.

"मी एक प्रतिमा करून पाहू?" थुम लाजत म्हणाला. "आमच्या आकाशात तुमचा सूर्य एवढासा दिसतो... दार किलकिलं ठेवून कुणीतरी जागं असल्यासारखा."

"वा! क्या बात है!" नानांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात थुमच्या अंगातून बारीक, किलबिलाटासारखे आवाज येऊ लागले. निरोप ऐकून यानातली सगळी मुलं एकदम बोलत होती.

"काय म्हणतायत?" रुमानाने विचारलं.

"विचारतायत, तुमच्याकडे पावसाला काय म्हणतात? कशासारखा म्हणतात? आणि चंद्राला? आणि आम्हाला?"

रुमाना तिथेच टाकीच्या कठड्यावर मांडी घालून बसली. "एकेकानं विचारा," ती हसत म्हणाली. "आधी पाऊस."