पेन्शनची वेबसाईट उघडंना

त्या दिवशी समीक्षा जायाचीच न्हवती. काम हुतं दुकानातल्या इंद्रजितचं. पर इंद्रजितच्या गाडीचं चाक पवई नाक्यावर बसलं, आन् आप्पासो मामा म्हणला, "जा गं तूच. गोडोलीत सुभेदार लालासाहेबांचं घर हाय. सकाळधरनं सातव्यांदा फोन आलाय त्यांचा."

मामाचं साताऱ्यात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. समीक्षा तिकडची, आटपाडीची. बाप, आजा सगळी मेंढरामागं फिरल्याली माणसं, आन् ही पोरगी पाठीवर पिशवी टाकून, स्कुटीवरनं साताराभर कंप्युटरं नीट करीत फिरायची.

श्रावण नुकता लागला हुता. झिमझिम चालल्याली. रेनकोटाचं पाणी निथळतंय, केस गालाला चिकटल्यात, अशी ती दारात हुबी ऱ्हायली. बेल दाबली. दार उघडलं ते एका उंच पोरानं. हातात अर्धं खाल्लेलं थालपीठ.

"मीटर बगायचाय? त्यो मागल्या अंगाला हाय."

"मीटरवाली न्हवं. कंप्युटरवाली."

पोरगं बगतच ऱ्हायलं. "इंद्रजित येनार हुता न्हवं?"

"त्येची गाडी पंक्चर हाय. जाऊ परत?"

"न्हाई न्हाई!" इतक्या जोरात म्हणला की थालपीठच पडलं खाली. "म्हंजे... वडील वाट बगत्यात."

ह्यो वीरधवल. सुभेदाराचा एकुलता एक. एमआयडीसीत कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायाचा, म्हणून सकाळचा घरी.

आत सुभेदार कंप्युटरम्होरं खुर्ची टाकून असं ताठ बसल्यालं, जणू पहाऱ्यावरच हैत. "हे बग पोरी, ही पेन्शनची वेबसाईट. बटन दाबतो, चा पितो, कप इसळून पालथा घालतो... तवर हे चाक आपलं फिरतंयच! फौजेत असताना घरचं पत्र ह्येच्या आदी यायचं."

समीक्षानं बगितलं. कंप्युटरच्या खोक्याला वरनं खालपतुर क्रोशाची झूल घातल्याली. चालू असताना बी.

"ही काढा पैली. त्येला दम लागतोय."

"आगं, धूळ बसती!" स्वयंपाकघरातनं शालूबाई, वीरधवलची आई.

"काकू, धूळ परवडली. ह्यो आतनं भाजून निघालाय." मंग तिनं इकडं-तिकडं बगितलं. "वायफायचा डबा कुटंय?"

सुभेदारांनी कोपऱ्यातल्या फौजेच्या काळ्या लोखंडी ट्रंकंकडं बोट केलं.

"ट्रंकंवर?"

"ट्रंकंत."

"आत?"

"इजा काय थोड्या कडाडत्यात हितं? जळला म्हंजे? भोक पाडून वायर घेतलीया की भायेर." सुभेदारांनी छाती फुगवली.

समीक्षाला हसू आवरंना. दात दाबून बगितलं, पर न्हाई जमलं. तिचं हसू ऐकून मागं हुबा वीरधवल बी हसाया लागला. त्येचं हसणं जरा येगळंच... पोटातनं यायचं, आन् मंग डोळ्यात ऱ्हायचं.

"काका, लोखंडात कोंडल्यावर त्येची हाक भायेर कशी यायची?"

तिनं डबा काढून भिताडावर उंच टांगला. खोकं उघडून बुरशानं धूळ काढली. नको नको ती भरल्याली सतरा सॉफ्टवेअरं काढून टाकली. "आता दाबा बटन."

दाबलं. डोळा लवायच्या आत वेबसाईट उघडली. सुभेदारांनी उठून कडक सलाम ठोकला तिला. "शाब्बास जवान!"

गेटापतुर वीरधवल सोडाया आला. छत्री ह्येच्या हातात, आन् भिजतोय बी ह्योच.

"परत बिगडला तर?"

"मी केलेलं काम परत बिगडत न्हाई."

"हेच तर वांदं हाय," त्यो म्हणला.

समीक्षानं घाईनं हेल्मेट घातलं. आत ती हसली ती कुणाला दिसली न्हाई.

आठव्या दिवशी दुकानात फोन. सुभेदाराचा कंप्युटर परत रांगाया लागलाय. इंद्रजित पिशवी उचलाया लागला तर समीक्षा म्हणली, "ऱ्हाऊ दे. माझी केस हाय ती."

गेली तर एकेचाळीस पानं एकदम उघडी. आन् मागं गुपचूप चार सिनेमं उतरवाया लावल्यालं.

"ही एकेचाळीस पानं कुणी उघडली?"

"वडिलांनी," वीरधवल सरळ तोंड करून म्हणला.

"मी?" आतनं सुभेदार गरजलं. "आरं, मला एक उघडंना!"

ती मान खाली घालून एकेक पान मिटवाया लागली. वीरधवल चा घिऊन आला. गवती चहा टाकून, सोताच्या हातानं केल्याला. स्टूल वढून बसला.

"तुमी पैलं काय बगता ह्येच्यात?"

"पैली हिस्ट्री बगती. कुणी काय शोधलं, काय उघडलं, सगळं लिवल्यालं असतं. मंग पुसती. लय साठलं की जड हुतंय."

"म्हंजे माणसाच्या मनातलं सगळं दिसतंय तुमाला!"

"दिसतंय की. पर मामाचा नियम हाय. गिऱ्हाइकाच्या घरात जे दिसलं ते डोळ्यांनी बगायचं, तोंडानं बोलायचं न्हाई."

"लय वाईट नियम हाय," वीरधवल म्हणला. कपातल्या वाफंकडं बगत.

तिसऱ्या बारीला वायरच ढिली झाल्याली. आपुआप काय ढिली हुत्यात वायरी? समीक्षा टेबलाखाली शिरली. वीरधवल मोबाईलची बत्ती धरून बसला. वायर घेताना बोटाला बोट लागलं... दोघांनी बी बाजूला घेतलं न्हाई. वाईच येळ. मंग बत्तीच इझली.

"सेल संपला," त्यो म्हणला.

"आत्ता तर सत्तर टक्के दिसत हुता," ती म्हणली.

तेवढ्यात वरनं शालूबाईंचा आवाज. त्या चिवड्याची ताटली घिऊन आल्या हुत्या. "आगं, लवकर नीट कर बाई. येत्या रविवारी शिराळ्याला जायाचंय, पोरगी बगाया. तिकडनं फोटू-बिटू येत्यात, ह्यांना मोठ्या पडद्यावर बगायचं असत्यात. पितरं लागायच्या आत सुपारी फोडायची म्हणत्यात."

समीक्षा टेबलाखालनं निघाली, तवा तिच्या केसाला कोळिष्टक लागल्यालं. वीरधवलनं हात वर केला काढाया, आन् आईकडं बगून मागं घेतला.

गेटाशी त्यो लय येळ कडी हातात धरून हुबा हुता.

"रविवारी शिराळा. कुणी अडवलं... तर जाणार न्हाई मी."

तिला कळलं, त्यो कुणाला इचारतोय. बोलायाचं हुतं. पर तोंडातनं निघालं काय, तर, "टायर बगून जावा. रस्ता खराब हाय."

घरी येताना सोतालाच शिव्या दिल्या तिनं. पर काय करायचं? सुभेदाराचा ऊस, सुभेदाराचा बंगला. आपली आय दगडाबाई आजून आटपाडीच्या माळावर चार मेंढरं घिऊन जाती. असल्या घरात आपुन सून म्हणून शोभू? आन् त्यो तरी कुटं उघड बोलतोय? गमतीनं बोलणारं पोरगं. उद्या म्हणंल, मी तर चेष्टा केली. तोंडानं सरळ बोलला, तर बोलीन. असं तिनं ठरवलं, आन् पक्कं धरलं.

शनिवारी परत फोन. वेबसाईट उघडंना.

ती गेली. वीरधवलनं दार उघडलं. दाढी केल्याली, इस्त्रीचा शर्ट, आन् चेहरा असा की रातभर निजला न्हाई. "हिस्ट्री बगा पैली," एवढंच म्हणला, आन् स्वयंपाकघरात गेला. आतनं भांड्यांचा आवाज. चाचं पातेलं हातातनं दोनदा पडलं.

तिनं हिस्ट्री उघडली.

कंप्युटर मुद्दाम स्लो कसा करावा. आठ दिसांमागचं.

वेबसाईट उशिरा उघडावी म्हणून काय करावं.

सातारा ते आटपाडी किती किलोमीटर.

दुसऱ्या जातीतल्या पोरीशी लगीन करायचं हे फौजी बापाला कसं सांगावं.

आन् सगळ्यात वर, आज सकाळी सात वाजून दहा मिन्टांनी, शोधायच्या जागेत पत्रासारखं लिवल्यालं... "समीक्षा, मला शिराळ्याला जायाचं न्हाई. तू फकस्त हू म्हण. बाकीचं मी बगतो."

तिनं माऊस सोडला. एकदा वाचलं. परत वाचलं. इतकं ग्वाड वाटलं की डोळं भरलं, आन् भ्या बी तेवढंच वाटलं. हू म्हणायचं! म्हंजे उद्या ह्या घरात आग लागायची. आप्पासो मामाचं नाव जायाचं... गिऱ्हाइकाच्या घरात भाची पाठवली ती पोराला नादी लावाया, असं म्हणतील. आन् त्यो आतच का हुबा हाय? माझ्याम्होरं यिऊन बोलायला काय झालंय त्येला?

पाऊल वाजलं. कपातला चा बशीत सांडत त्यो दारात आला.

"घावलं काय?" त्येनं इचारलं.

तिनं वर बगितलं न्हाई. वर बगितलं असतं तर बोलली असती.

"काय घावायचंय... कचरा हुता. काढला."

आन् बटन दाबलं. पडदा सोच्छ झाला. सगळी पानं, सगळी हिस्ट्री, सगळं गेलं. वेबसाईट अशी उघडली की कंप्युटर नवा आणल्यागत. जन्मात असलं चांगलं काम तिनं केलं न्हवतं.

चा निवत ऱ्हायला. वीरधवल "बरं," म्हणला. एकच शबूद. मंग खिडकीकडं तोंड करून हुबा ऱ्हायला.

रविवार गेला. सोमवार, मंगळवार. दुकानातला फोन वाजला की समीक्षा आदी उचलायची. कुणाचा प्रिंटर, कुणाचा कीबोर्ड. गोडोलीचा न्हाई. इंद्रजित म्हणला, "तुजी केस बरी झाली वाटतं." तिनं त्येच्याकडं असं बगितलं की त्यो परत बोलला न्हाई.

आठ दिस तिनं कसं काढलं तिचं तिला ठावं. नवव्या दिवशी मामाला न सांगता स्कुटी काढली. आज बोलायचंच. घर जळू दे न्हाई तर ऱ्हाऊ दे. वाटंत चार डाव पाठ केलं... "मी वाचलं हुतं. हू म्हणाया आलीया."

दार सुभेदारांनी उघडलं. "अरं, ये ये जवान! न बोलावता आलीस, बरं झालं." आन् काय हुतंय ते कळायच्या आत तिच्या हातात पेढा. "काल सुपारी फुटली. पोरगी चांगली हाय, शिवांजली नाव. ह्या गाढवाला मी शिराळ्याला जाताना गाडीत सरळ इचारलं, तुजं कुटं काय हाय का? असलं तर आत्ता सांग. मी तीस वरसं फौजेत एका ताटात सगळ्या जातीच्या पोरांसंगं जेवलोय, मला काय अडचण न्हाई. तर म्हणला, हुतं एक, पर तिकडनं न्हाई आलं. कोण हुती, सांगितलं न्हाई बग."

पेढा तिच्या मुठीत पार दबून गेला.

वीरधवल आतनं आला. तिला बगून जागीच थांबला. मंग गेटापतुर आला, न्हेमीसारखा. ह्या बारीला छत्री न्हवती.

"तू वाचलं हुतंस?"

"सगळं. दोनदा."

त्येनं डोळं मिटलं. "मंग कचरा का म्हणलीस गं?"

"भ्याली मी. वाटलं तुमी तोंडानं बोलशीला, मंग बोलीन."

"मला वाटलं, तोंडानं बोललो आन् तू न्हाई म्हणलीस, तर तू परत ह्या घरात यायची न्हाईस. म्हणून लिवलं. आन् तू पुसलंस... मंग मला काय कळायचं ऱ्हायलं?"

शेजारच्या गच्चीत कुणीतरी भिजल्याली कापडं झटकत हुतं.

"काल रातच्याला फोन आला हुता शिवांजलीचा," त्यो हळू म्हणला. "तासभर बोलली. त्यांच्या नागपंचमीचं सांगत हुती, हसत हुती. म्हणली, तुमाला बगून गेल्यावर मी आईला लगीच हो म्हणले, आई वरडली, एवढी घाई काय गं म्हणून." त्येनं समीक्षाकडं बगितलं. "तू सांग. तू म्हणशील तसं करतो. आत्ता जातो आत, आन् वडिलांना सांगतो."

खरं बोलत हुता. तिला दिसत हुतं. आत्ता "जा" म्हणलं की जाणार. एवढा सोपा शबूद, तोंडात आल्याला. आन् तिकडं शिराळ्यात एक पोरगी, तिनं काय पाप केलंय? ती तर बिचारी तोंडानं बोलली. लगीच बोलली.

"काय सांगू नका कुणाला," समीक्षा म्हणली. "तिनं घाई केली ती बरी केली. आमाला न्हाई जमली."

"समीक्षा..."

"एक मातर करा." तिनं हेल्मेट उचललं. "मनात काय आलं, तर तिला तोंडानं सांगत जावा. लगीच. टायपत बसू नका."

त्येनं मान हलवली. गेटाची कडी त्येच्या हातात हुती, ती त्येनं लावली न्हाई.

गोडोलीच्या चढाला तिनं स्कुटी थांबवली. हेल्मेटाची काच वर केली, हातानं पुसली. पाऊस न्हवता. तरी म्होरचा रस्ता दिसंना. मागनं एसटीनं हॉर्न दिला, परत दिला, तवा कुटं ती बाजूला झाली.