दहा फुटांची भिंत

दादाच्या सुतारकामाच्या कारखान्यात गिऱ्हाइकं फूट-इंचांत बोलायची आणि फळ्या कापणाऱ्या यंत्राला मिलिमीटरशिवाय दुसरी भाषा कळत नसे. म्हणून दादाच्या धाकट्या बहिणीने एक छोटा प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर माप टाकायचं, एंटर दाबायचं, की खाली मिलिमीटर हजर. दादा त्याला ‘दुभाषा’ म्हणायचा. “पगार नाही, चहा नाही, आणि उलट उत्तर तर मुळीच नाही!”

गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाट बसवायचं होतं. दादा स्वतः मोजून आला. बरोबर दहा फूट. धाकटीने दहा टाकले. उत्तर आलं, ३०३१.

दहा फूट म्हणजे ३०४८, हे तिला झोपेतही पाठ होतं. तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फळीसाठी दहा टाकले. ३०४८. पुन्हा बाईंच्या खोलीसाठी टाकले. ३०३१. आकडा तोच, बोटं तीच. हे दहा कुणाचे, हे त्याला सांगत कोण होतं? तिने प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचून काढली. साधा गुणाकार होता.

“ताप आलाय त्याला,” दादा म्हणाला. “तू ३०४८ धर.”

बाईंच्या खोलीत कपाट शिरेना. पुटपुटत दादाने टेप लावला आणि आकडा दोनदा वाचला. भिंतींचा रंग जुनाच होता. कुठे भेग नाही, नवा गिलावा नाही.

“किती?” धाकटीने विचारलं.

“तुझा दुभाषा म्हणाला तेवढंच.”

बाई कमरेएवढ्या काठीवर हात टेकून दारात उभ्या होत्या. “या खोलीत सगळं जरा आखडतंच,” त्या म्हणाल्या, जणू हवेतल्या गारठ्याबद्दल बोलत होत्या. “कपाट कापून बसवा. आणि माझ्या उंचीची एक खाटही करा. इथेच निजते मी. पाच फूट दोन इंच धरा.”

कारखान्यात परतल्यावर धाकटीने ते माप टाकलं. उत्तर वाचलं आणि पडद्यावरचा आकडा हाताने झाकला.

मागे दादाचा रंधा थांबला. “किती आलं गं?”

“पंधराशे पंचाहत्तर,” ती म्हणाली. ते पडद्यावरचं नव्हतं; तिने कागदावर गुणून काढलं होतं.

खाट त्या हिशेबाने झाली, उशापायथ्याला थोडी जागा सोडून. प्रोग्राम तिने पुसून टाकला. मोजलंच नाही तर घडणार नाही, असं काहीसं तिच्या मनात होतं.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, बाई कारखान्यात आल्या. चेहरा प्रसन्न होता.

“खाट सुरेख झालीय,” त्या म्हणाल्या. “फक्त फार मोठी वाटते हो. थोडी कापून द्याल?”

दादाने स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. तीच काठी टेकून उभ्या राहिल्या.

काठीची मूठ त्यांच्या खांद्याला लागत होती.